निखळलेले कोपर : घाई कुठे, धीर कुठे

पावसाळ्यात दोडामार्ग परिसरातील जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते. पाय घसरला की माणूस नकळत हात पुढे टेकतो आणि शरीराचा सारा भार कोपरावर येतो. दुकानातील शिडीवरून तोल गेला किंवा दुचाकी घसरली, तरी हेच घडते. प्रौढांमध्ये खांद्याखालोखाल निखळणारा मोठा सांधा कोपराचाच आहे.

कोपरात दंडाचे एक आणि त्याखालची दोन अशी तीन हाडे एकत्र येतात. बहुतेक वेळा खालची दोन हाडे मागे सरकतात. कोपराचे टोक मागे उठून दिसते, हात अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकतो आणि वेदना असह्य होतात. सांध्याच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते, लगत मज्जातंतूही असतात. म्हणून बोटे थंड, फिकट किंवा बधिर पडली, अथवा मनगटाची नाडी लागेना, तर एक क्षणही दवडू नये.

अशा वेळी जाणत्या माणसाकडून हात ओढून बसवून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. सोबत हाड मोडले आहे की नाही, हे क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही. लहान मुलांत तर कोपराच्या वरचे हाड मोडले तरी बाहेरून तसेच दिसते. हात आहे त्याच स्थितीत उशी वा पुठ्ठ्याचा आधार देऊन झोळीत घ्यावा. बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने काही खाऊ-पिऊ घालू नये.

दोडामार्गात ग्रामीण रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी तालुक्यातील अनेक रुग्ण सीमेपलीकडे म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. आधी काढलेली क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत. डॉक्टर गुंगीचे औषध देऊन सांधा हळूहळू जागेवर आणतात, नाडी व बोटांची संवेदना पुन्हा तपासतात आणि पुन्हा चित्र काढतात. हाड मोडले असेल किंवा सांधा स्थिर राहत नसेल, तर शस्त्रक्रिया लागू शकते.

बांधलेली पट्टी फार घट्ट नसावी. घट्ट बंधनाने रक्तपुरवठा खुंटून हात कायमचा आखडतो, हे जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ सालीच दाखवून दिले होते. पट्टी बांधल्यावर वेदना वाढत गेल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यानंतर मात्र गैरसमज आडवा येतो. जितकी जास्त विश्रांती, तितका हात बळकट, असे घरोघरी मानले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. हाड मोडलेले नसेल, तर साधारण एक ते दोन आठवड्यांतच डॉक्टरांच्या देखरेखीखाली हालचाल सुरू करतात. ३ आठवड्यांहून अधिक काळ हात बांधून ठेवल्यास कोपर ताठरते आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. तेल चोळून जोराने मालीश करणे किंवा कोणी बळाने हात वाकवणे, हेही घातक आहे. त्याने दुखावलेल्या स्नायूत नवे हाड तयार होऊन सांधा अडू शकतो. रुग्णाने स्वतःच्या बळाने, सोसेल तितकाच हात रोज वाकवावा व सरळ करावा. गल्ल्यावर बसण्यास लवकर हरकत नसते. पोती उचलण्यास मात्र डॉक्टरांची अनुमती मिळेपर्यंत थांबावे.