हातात न येणारे पत्ते

लहानपणी काडेपेट्यांचे छाप जमवले नाहीत, असा माणूस आपल्या पिढीत विरळाच. ते छाप चिकटवलेली वही अजूनही एखाद्याच्या माळ्यावर सापडेल. पण लाखो लोकांनी जमवलेले पत्ते एका दिवसात, एकाच वेळी नाहीसे झाले तर? मोबाइलवरच्या खेळांत हे वारंवार घडते.

१९८७ साली जपानमध्ये हिरोनोबू साकागुची यांनी ‘फायनल फँटसी’ हा व्हिडिओ गेम केला. खेळणाऱ्याने पात्रांच्या भूमिकेत शिरून कथा पुढे न्यायची, असा हा प्रकार. मालिका इतकी गाजली की, १९९७ सालच्या सातव्या भागाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. पहिल्या भागाची जुनी कॅसेट आणि चालू स्थितीतले यंत्र असेल, तर तो खेळ आजही खेळता येतो.

२०१२ मध्ये याच मालिकेवर मोबाइलसाठी ‘फायनल फँटसी ब्रिगेड’ आला. मित्रांची तुकडी जमवायची, हवाई जहाजातून हिंडायचे आणि पत्ते गोळा करायचे. खेळायला फुकट, पण दुर्मीळ पत्ता हवा तर खिशात हात घालायचा. पुढे तो इंग्रजीतही आला आणि कालांतराने बंद झाला.

अशा खेळांची कमाई ‘गाचा’वर चालते. नाणे टाकून मूठ फिरवली की खेळण्याची डबी बाहेर टाकणारी यंत्रे जपानमध्ये असतात. त्यांच्या आवाजावरून हे नाव पडले. आत काय निघेल ते नशिबावर. त्यातही ‘कम्प्लीट गाचा’ भारी चलाख. ठरावीक पत्त्यांचा पूर्ण संच जमला तरच मोठे बक्षीस! दहा पत्त्यांचा संच धरा. प्रत्येक पत्ता निघण्याची शक्यता सारखी असली, तरी संच पुरा व्हायला सरासरी २९ वेळा पत्ता काढावा लागतो. त्यातले १० वेळा तर केवळ शेवटच्या एका पत्त्यासाठी! ‘आता एकच राहिलाय’ म्हणत मुले पैसे ओतत राहतात. अखेर मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने ही पद्धत बेकायदा ठरवली.

पण साधा गाचा राहिलाच आणि खरा प्रश्नही राहिला. हे पत्ते कोणाचे? ते कंपनीच्या सर्व्हरवर असतात. सर्व्हर बंद झाला की संग्रह संपला. जपानी कायद्यानुसार खेळ बंद करताना ग्राहकाने विकत घेतलेली, पण न वापरलेली नाणी परत करावी लागतात. पत्त्यांवर उधळलेली गेली ती गेलीच. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते, की तुम्ही वस्तू नव्हे, केवळ वापराचा परवाना घेत आहात. २०२४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ बंद पडल्यावर युरोपात याविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू झाली. २०२५ मध्ये सह्यांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला.

आपल्या मुलाने मोबाइलवर पैसे भरायची परवानगी मागितली, तर लगेच डोळे वटारू नका. शेजारी बसा, त्याचे पत्ते पाहा, एखाद्याची गोष्ट विचारा. मग हळूच विचारा, ‘हा खेळ उद्या बंद झाला, तर यातले तुझ्याकडे काय राहील?’ उत्तर त्यालाच शोधू द्या. आणि माळ्यावरची ती वही सापडली, तर तीही दाखवा.