इंधनकर, वाहनकर आणि दापोडीची एस.टी. : करभाराच्या रचनेचा एक विचार

युरोपातील मोटारचालकास जगातील इतर बहुतेक देशांतील चालकांपेक्षा इंधनासाठी अधिक दाम मोजावा लागतो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या दामातील मोठा भाग तेलाच्या किमतीचा नसून कराचा असतो. महाराष्ट्रातील ग्राहकाची स्थितीही गेल्या काही वर्षांत याहून फार निराळी राहिलेली नाही. तथापि दोन्हीकडे करभार जड आहे, एवढे म्हणून विवेचन संपत नाही. तो कोणत्या तत्त्वावर बसविला आहे, कोणाकडून वसूल होतो आणि अखेरीस कोणाच्या पदरी पडतो, हे तीन प्रश्न परस्परांहून भिन्न आहेत. त्यांचा एकत्र विचार करण्यास दापोडी हे स्थळ सोयीचे आहे. मुळा नदीच्या उत्तर तीरावर, बोपोडीच्या समोर वसलेल्या ह्या गावी राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांप्रमाणेच येथेही विकत घेतलेल्या सांगाड्यांवर बसगाड्या बांधल्या जातात व जुन्या गाड्यांची पुनर्बांधणी होते. येथून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी इंधनावरील कर, वाहनावरील कर आणि प्रवाशावरील कर अशा तिन्ही करांची वाहक असते. शासनाच्याच मालकीचा उपक्रम शासनाचाच मोठा करदाता असावा, ही स्थिती अभ्यासकाने लक्ष देण्याजोगी आहे.

१. दोन आण्यांचे तत्त्व

भारतात इंधनकराला रस्त्याशी जोडण्याचा विचार मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मांडला. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर १९२७ साली नेमलेल्या भारतीय मार्गविकास समितीचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९२८ मध्ये सादर झाला. त्यास अनुसरून १९२९ च्या मार्चमध्ये पेट्रोलवरील शुल्क गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे करण्यात आले आणि वाढीव दोन आणे रस्त्यांच्या निधीसाठी राखून ठेवण्यात आले. ह्यामागील युक्तिवाद सरळ होता. जो रस्ता अधिक वापरतो तो पेट्रोल अधिक जाळतो; म्हणून पेट्रोलवरील कर हा एका अर्थाने रस्त्याच्या वापराचे मोलच होय. अशा कराला वसुलीचा खर्च अल्प येतो आणि तो चुकविणेही कठीण असते.

ह्याच तत्त्वाची परिणती ब्रिटनमध्ये काय झाली, हे पाहण्यासारखे आहे. तेथे १९०९ च्या अंदाजपत्रकात लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर गॅलनमागे तीन पेन्स कर बसविला, तो रस्तेसुधारणेसाठी. पुढे चर्चिल अर्थमंत्री असताना १९२६ पासून रस्तेनिधीतील रक्कम सर्वसाधारण खर्चाकडे वळविण्यास आरंभ झाला, आणि १९३७ पासून वाहनकराचे उत्पन्न थेट राजकोषात जमा होऊ लागले. विशिष्ट कार्यासाठी बसविलेला कर कालांतराने सर्वसाधारण महसूल होतो, ही प्रवृत्ती इतरत्रही आढळते. इटलीत १९३५ चे अबिसीनियाचे युद्ध, १९५६ चा सुएझचा पेचप्रसंग, १९६३ ची वायोंत धरणाची दुर्घटना अशा एकेका निमित्ताने इंधनावर अधिभार चढत गेले. निमित्त सरले तरी अधिभार सरले नाहीत. फ्रान्सने १९५६ मध्ये मोटारींवर वार्षिक पट्टीकर बसविला, तो वृद्धांच्या साहाय्यनिधीसाठी. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार घेण्यात आला, तोही ह्याच जातीचा. इंधनाची मागणी अल्पकाळात फारशी लवचिक नसते. भाव वाढला म्हणून कामावर जाणे कोणी लगेच सोडीत नाही. म्हणूनच अडचणीतील कोषागाराची दृष्टी प्रथम इंधनाकडे वळते.

भारतीय न्यायशास्त्रातही ह्या तत्त्वाचा उदयास्त झालेला दिसतो. राजस्थानातील मोटारवाहतुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये वाहनकर हा रस्त्याच्या सोयीबद्दलचा भरपाईस्वरूप कर असल्यास तो व्यापाराच्या स्वातंत्र्यास बाधक नाही, असे मत दिले. २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जिंदल स्टेनलेस खटल्यात ही भरपाईकराची कल्पनाच अमान्य केली. तात्पर्य, वाहनावरील कर त्याने उपलब्ध होणाऱ्या सोयीशी प्रमाणबद्ध असलाच पाहिजे, असे बंधन आता कायद्याने उरलेले नाही.

२. कराची बांधणी

घटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे पेट्रोलियम पदार्थांवरील उत्पादन शुल्क केंद्राकडे, त्यांच्या विक्रीवरील कर राज्याकडे, वाहनांवरील कर राज्याकडे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रवासी व मालावरील करही राज्याकडे आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला तेव्हा पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू व विमानाचे इंधन हे पाच पदार्थ त्यातून वगळण्यात आले. वस्तू व सेवा कर परिषदेने शिफारस केलेल्या तारखेपासून ते त्या कराखाली यावयाचे आहेत. ते बाहेर असल्यामुळे डिझेलवर भरलेल्या कराची वजावट वाहतूकदारास मिळत नाही. तो कर भाड्यात मिसळतो व पुढे सरकतो.

केंद्राचे शुल्क परिमाणानुसारी आहे, म्हणजे लिटरमागे ठराविक रुपये. महाराष्ट्राचा मूल्यवर्धित कर बव्हंशी मूल्यानुसारी आहे. जुलै २०२४ पासून राज्यभर त्याचा टक्केवारीचा दर पेट्रोलवर २५ व डिझेलवर २१ असा करण्यात आला. तत्पूर्वी मुंबई, ठाणे व नवी मुंबईत तो अनुक्रमे २६ व २४ होता. हा टक्केवारीचा कर केंद्राचे शुल्क मिळवून येणाऱ्या किमतीवर बसतो. अर्थात केंद्राने डिझेलवर लिटरमागे दहा रुपये चढविले, तर २१ टक्के दराने राज्याचे उत्पन्न कोणताही ठराव न करता दोन रुपये दहा पैशांनी वाढते. करावर कर बसतो तो असा. युरोपातही हीच रचना आढळते. तेथे परिमाणानुसारी शुल्क मिळवून होणाऱ्या किमतीवर मूल्यवर्धित कर आकारला जातो. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार पेट्रोलवर लिटरमागे किमान ०.३५९ युरो व डिझेलवर ०.३३ युरो शुल्क अनिवार्य आहे. जर्मनीतील दर याहून अधिक, म्हणजे पेट्रोलवर ०.६५४५ व डिझेलवर ०.४७०४ युरो असा आहे.

परिमाणानुसारी शुल्काचा एक गुण असा की, तेलाचा भाव चढला तरी कराची रक्कम चढत नाही. परंतु भाव उतरला असता शुल्क वाढवून तो उतार कोषागारात वळविणेही तितकेच सुलभ असते. मे २०२० मध्ये जागतिक बाजारात तेल कोसळले असता केंद्राने पेट्रोलवर दहा व डिझेलवर तेरा रुपये एका दिवसात वाढविले. पंपावरील भाव मात्र होता तेथेच राहिला. त्यामुळे पेट्रोलवरील शुल्क ३२.९८ रुपये व डिझेलवरील ३१.८३ रुपये झाले. २०१४ मध्ये हेच आकडे ९.४८ व ३.५६ होते. पुढे नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मधील कपातींनी ते १९.९० व १५.८० वर आले.

ह्या शुल्काच्या पोटविभागणीस संघराज्याच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. फेब्रुवारी २०२१ नंतर डिझेलवरील ३१.८० रुपयांपैकी मूळ उत्पादन शुल्क अवघे १.८० रुपये होते. उरलेले उपकर व अधिभार होते. घटनेच्या २७० व्या कलमाप्रमाणे उपकर व अधिभार राज्यांत वाटून द्यावे लागत नाहीत. जयकरांचे दोन आणे रस्त्यासाठी राखीव होते; आताचे तीस रुपये मुख्यतः वाटणीबाहेर राहिले. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या ‘उपकरा’चा आशय कसा पालटला, हे यावरून ध्यानात येते.

३. धारणेवरील कर व वापरावरील कर

वाहन बाळगल्याबद्दलचा कर आणि ते चालविल्याबद्दलचा कर यांचे परिणाम वेगवेगळे होतात. महाराष्ट्रात १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली खाजगी मोटारीवर एकरकमी कर घेतला जातो. २०१७ च्या दरांनुसार किमतीप्रमाणे पेट्रोलच्या मोटारीवर तो ११ ते १३ टक्के व डिझेलच्या मोटारीवर १३ ते १५ टक्के होता. एकदा ही रक्कम भरली की, त्यानंतर मोटार वर्षाला दोन हजार किलोमीटर चालो की वीस हजार, ह्या करात फरक पडत नाही. उलट, भरलेली रक्कम अधिक वापराने वसूल करण्याचीच प्रवृत्ती संभवते. जर्मनीतील वार्षिक कर २००९ पासून इंजिनाचे आकारमान व कर्बवायूचे उत्सर्जन या दोहोंवर ठरतो. त्यामुळे कोणती मोटार घ्यावी याबाबत तो काही सांगतो. तथापि ती किती चालवावी, हे केवळ इंधनकरच सांगू शकतो.

४. दापोडीच्या गाडीवरील भार

आता राज्य परिवहनाकडे वळता येईल. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, मोटार वाहन कराबरोबरच प्रवासी कराचा स्वतंत्र कायदा झाला. ह्या कराचा दर दीर्घकाळ १७.५ टक्के राहिला आहे. कराघात महामंडळावर होतो. परंतु करसंक्रमणाने भार प्रवाशावर जातो, आणि जो भाग भाडेवाढीच्या मर्यादेमुळे संक्रमित करता येत नाही तो महामंडळाच्या तोट्यात साचतो.

ह्या भाराचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते व तीत दोन माणसे आहेत. बस लिटरला साडेचार किलोमीटर जाते व तीत ४० प्रवासी आहेत. इंधनावरील एकूण कर लिटरमागे ३० रुपये धरल्यास मोटारीतील प्रत्येक माणसामागे किलोमीटरला एक रुपया इंधनकर पडतो, तर बसमधील प्रवाशामागे सुमारे १७ पैसे. म्हणजे इंधनकर स्वभावतःच सामुदायिक प्रवासास अनुकूल आहे. तो कोणत्याही सवलतीशिवाय बसच्या प्रवाशास सहापट हलका ठरतो. परंतु बसचे भाडे किलोमीटरला दीड रुपया धरल्यास १७.५ टक्के दराने प्रवासी कर सुमारे २६ पैसे होतो. याचा अर्थ असा की, इंधनाशी, रस्त्याच्या झिजेशी वा धुराशी काहीही संबंध नसलेला कर प्रवाशावरील इंधनकरापेक्षा भारी ठरतो. खाजगी मोटारीतून जाणारास असा कर मुळीच नाही. इंधनकराने दिलेला अनुकूल कौल प्रवासी कराने बऱ्याच अंशी परत घेतला जातो.

इंधनाच्या किंमतपद्धतीनेही महामंडळास दोनदा पेचात टाकले. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने मोठ्या प्रमाणावर डिझेल घेणाऱ्यांना बाजारभाव लागू केला, त्यामुळे घाऊक ग्राहकास किरकोळ ग्राहकापेक्षा अधिक दर पडू लागला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धाच्या छायेत हा फरक पुन्हा उद्भवला व घाऊक दर लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी चढला. परिणामी स्वतःच्या आगारात पंप असताना एस.टी.च्या गाड्या खाजगी पंपांवर डिझेल भरू लागल्या. भाडेवाढ हा दुसरा मार्ग. जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के व जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के अशी भाडी वाढली. भाडे टक्केवारीने वाढले की प्रवासी करही आपोआप वाढतो. दुसऱ्या बाजूस ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस विनामूल्य व मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्म्या भाड्यात प्रवास देण्यात आला. त्याची भरपाई राज्य शासन करते. एका हाताने कर घ्यावा व दुसऱ्या हाताने भरपाई द्यावी, ह्या फेऱ्यात खरे अनुदान किती, हे ताळेबंदावरून समजणे दुष्कर होते. जून २०२५ मध्ये मांडलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक दाखविला होता. तो पाहताना हा फेराही विचारात घ्यावयास हवा.

५. पर्यायाचा प्रश्न

युरोपात इंधनकराविरुद्ध उठाव झाले नाहीत असे नाही. ब्रिटनमध्ये १९९३ पासून इंधनशुल्क दरवर्षी महागाईपेक्षा अधिक वेगाने वाढविण्याचे धोरण होते. ते १९९९ मध्ये सोडले गेले, तरीही सप्टेंबर २००० मध्ये मालवाहतूकदारांनी व शेतकऱ्यांनी तेलाची कोठारे अडविली. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळ्या बंड्यांचे आंदोलन पेटले. त्याचा जोर शहराबाहेरील व लहान गावांतील लोकांत होता. कारण त्यांना मोटारीवाचून गत्यंतर नव्हते. ह्यावरून निघणारा निष्कर्ष असा की, पर्याय उपलब्ध असेल तेथेच जड इंधनकर न्याय्य ठरतो व सोसला जातो. म्हणूनच युरोपीय संघाचा निर्देश नियमित प्रवासी वाहतुकीच्या डिझेलवर कमी दर ठेवण्यास मुभा देतो आणि फ्रान्स अशा वाहतुकीस इंधनकराचा काही भाग परत करतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तो पर्याय म्हणजे एस.टी. होय. खुद्द दापोडीच्या रहिवाशास लोकलगाडी पूर्वीपासून आहे; २०१८ मध्ये निगडी–दापोडी जलद बसमार्ग व १ ऑगस्ट २०२३ रोजी मेट्रो मिळाली. ज्या गावाला दिवसातून एसटीच्या दोन फेऱ्या आहेत, त्याला यांपैकी काहीच नाही. तेथील प्रवाशावर कराचा दुहेरी बोजा पडणे आणि त्यामुळे फेरी तोट्यात जाऊन बंद होणे, ही ह्या कररचनेची खरी किंमत आहे. तिकीट न परवडणारा दुचाकी घेतो. इंधनाचा एकूण खप वाढतो. आणि ज्या कराने खप आवरावयाचा, त्याचाच हेतू विफल होतो.

विजेच्या वाहनांनी ह्या प्रश्नास नवे वळण दिले आहे. १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर ह्याच मार्गावर महामंडळाची ‘शिवाई’ ही विद्युत् बस धावली. अशी गाडी डिझेल जाळीत नाही, म्हणून इंधनकरही देत नाही. रस्ता मात्र वापरते. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून विजेच्या मोटारींनाही वार्षिक वाहनकर लागू केला, तो महसुलाची ही गळती ओळखूनच. पेट्रोलचा खप हे रस्त्याच्या वापराचे माप आहे, हे जयकर समितीचे गृहीत यापुढे टिकणारे नाही. नवे माप शोधताना ते वाहनाने व्यापलेल्या रस्त्याशी व कापलेल्या अंतराशी जोडावे की वाहनाच्या किमतीशी, ह्याचा निर्णय करावा लागेल. पहिला मार्ग पत्करल्यास चाळीस माणसे वाहणारी गाडी हलकी पडेल. दुसरा पत्करल्यास दापोडीत बांधलेल्या बसवर विजेच्या युगातही प्रवासी करच तेवढा उरेल, आणि त्याचा भार ज्याला दुसरे वाहन नाही त्याच्यावरच राहील.