पाळी आली तरच पोट: संगीत बारी चालते कशी?

राजेश्वरवरून जाणारा हैदराबाद-पुणे हायवे धरला की सोलापूरच्या पुढं मोडनिंब लागतं, आणखी पुढं दौंड तालुक्यातलं चौफुला. दोन्ही गावं लावणीच्या कला केंद्रांसाठी ओळखली जातात. इथं चालते ती संगीत बारी.

तमाशाचा फड गावोगाव फिरतो. संगीत बारीच्या पार्ट्या मात्र थिएटरातच मुक्कामाला असतात. एका थिएटरात अनेक पार्ट्या. प्रत्येकीनं आपल्या पाळीला गायचं, नाचायचं. बारी म्हणजे पाळी, नाव त्यावरूनच पडलं.

जपानातही अशीच एक रीत आहे. टोकियोच्या अकिहाबारा भागात 8 डिसेंबर 2005 ला ‘एकेबी-48’ हा मुलींचा ग्रुप सुरू झाला. स्वतःचं छोटं थिएटर, आणि वेगवेगळ्या टीम आळीपाळीनं शो करत असत.

फरक कमाईत आहे. तिथं सीडी, टीव्ही, जाहिरातींचाही पैसा येतो. इथं बारी झाली तरच पैसा, त्यातही थिएटर मालकाचा वाटा. म्हणून 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थिएटरं बंद झाली, तशी या बायकांची रोजीरोटीच थांबली. 2012 मध्ये यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली. लावणीला मान मिळाला. पार्टीतल्या बाईची चूल मात्र आजही प्रेक्षक आला तरच पेटते.