दांडा ओढला की काडतूस

अमेरिकेतल्या एखाद्या नेमबाजी मैदानावर रविवारची स्पर्धा संपली की एक मजेशीर दृश्य दिसतं. मघाशी ताठ मानेनं पिस्तूल चालवणारी माणसं आता कमरेत वाकून गवतात काहीतरी वेचत असतात. त्या असतात पितळी पुंगळ्या. गोळी निशाणावर गेली, दारू जळून गेली, पण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेली पुंगळी शाबूत राहिली. तिच्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. स्वतःच्या वापरापुरतं हे काम करायला तिथल्या संघराज्याच्या कायद्यानं परवाना लागत नाही. त्यामुळे कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या तळघरात हा छोटा कारखाना चालू असतो.

आपल्याकडे असं काही घरी करून पाहायची सोय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम चालतं ते मुख्यतः खडकी आणि वरणगावच्या सरकारी कारखान्यांत. शिवाय ज्या नेमबाजीनं आपल्याला पदकं दिली तिचा या उद्योगाशी फारसा संबंधही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते .२२ रायफलीवर. या काडतुसात ठिणगी पाडणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. त्या कडेवर एकदा घाव बसला की पुंगळी भंगारात. पुन्हा भरायची ती काडतुसं, ज्यांच्या बुडाशी बदलता येणारी छोटी टोपी, म्हणजे प्रायमर, असते.

काम तसं सोपं दिसतं. जुनी टोपी ढकलून काढायची. बार उडताना फुगलेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मूळ मापाला आणायची. नवी टोपी बसवायची, पुंगळीचं तोंड किंचित उघडायचं, मोजून दारू ओतायची, वर गोळी बसवायची आणि तोंड आवळायचं. रिचर्ड ली या गृहस्थांनी विस्कॉन्सिनमध्ये बाजारात आणलेल्या ‘ली लोडर’मध्ये यातली बहुतेक कामं हातोडीच्या ठोक्यांनी होत. स्वस्त आणि खिशात मावणारं साधन; पण त्यावर पन्नास काडतुसं भरायची म्हणजे शेजाऱ्यांचीही परीक्षा.

हातोडीच्या पुढची पायरी म्हणजे टेबलाला बोल्टनं आवळलेला, एकाच डायचा प्रेस. या धंद्यातलं एक जुनं नाव आरसीबीएस. फ्रेड हंटिंग्टन यांनी ही कंपनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. नावातली पहिली दोन अक्षरं ‘रॉक चक’ या घुशीसारख्या प्राण्याची. त्याची शिकार करायला लागणाऱ्या गोळ्यांच्या साच्यावरून कंपनीचं बारसं झालं. या प्रेसवर दांड्याच्या एका ओढीत एकच काम होतं. शंभर पुंगळ्यांच्या टोप्या काढायच्या, डाय बदलायची, त्याच शंभरांचं पुढचं काम करायचं. तासाला पन्नासेक काडतुसं झाली तरी पुष्कळ.

आठवड्याला तीनशे गोळ्यांचा सराव करणाऱ्याचे या हिशेबानं सहा तास गॅरेजातच जाणार. मग तो वेगवान यंत्र शोधू लागतो.

पहिला पर्याय टरेट प्रेसचा. यात तीन-चार डाय एका फिरत्या चकतीवर बसवलेल्या असतात, त्यामुळे डाय बदलण्याची कटकट संपते. त्याच्या पुढचा टप्पा प्रोग्रेसिव्ह प्रेसचा. इथे डाय जागेवर राहतात आणि खालचं ताट फिरतं. ताटात चार-पाच पुंगळ्या वेगवेगळ्या अवस्थेत असतात. दांडा एकदा ओढला की प्रत्येकीचं एकेक काम होतं आणि शेवटची तयार काडतूस होऊन डब्यात पडते. अशी यंत्रं १९३० च्या दशकातही होती, पण ती महागडी. घरच्या टेबलावर ती रुळली ती मुख्यतः माइक डिलन या वैमानिकाच्या ॲरिझोनातल्या कंपनीमुळे. १९८०च्या दशकातलं त्यांचं ‘आरएल ५५०’ आजही नावाजलं जातं. तासाला चारशे ते सहाशे काडतुसं, हा कंपनीचा दावा. सहा तासांचं काम पाऊण तासावर आलं म्हणायचं.

पण दावा दांडा ओढण्याचा असतो. भोवतालच्या कामांचं काय? टोप्या एका बारीक नळीत शंभर-शंभर भरून ठेवाव्या लागतात. रस्त्यावर सांडलेले मोहरीचे दाणे एकेक उचलून बरणीत भरावेत, तसा हा प्रकार. पुंगळ्या आधी धुवायच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भुश्यात घोळवून चकचकीत करायच्या. लष्करी पुंगळ्या मिळाल्या तर टोपीभोवतीची चेपलेली कड आधी सरळ करावी लागते, नाहीतर नवी टोपी आत जात नाही आणि यंत्र अडून बसतं. म्हणूनच नवं यंत्र घेण्याआधी आपला वेळ नेमका कुठे जातो, हे घड्याळ लावून पाहिलेलं बरं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या भरणाऱ्यासाठी पहिली सुधारणा बहुतेक वेळा टंगस्टन कार्बाइडच्या डायची असते. ती इतकी कठीण आणि गुळगुळीत असते की पुंगळ्यांना तेल चोपडणं आणि नंतर पुसत बसणं, दोन्ही कामं वाचतात. रायफलीच्या निमुळत्या मानेच्या पुंगळ्यांना मात्र तेल सुटत नाही. ते टाळलं तर पुंगळी डायमध्ये अशी रुतून बसते की पुढची संध्याकाळ ती उपसण्यात जाते.

लांब पल्ल्याच्या रायफलवाल्याचं गणितच वेगळं. त्याला दिवसाला चाळीस काडतुसं पुरतात, पण प्रत्येकातली दारू सारखी हवी. तिथे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅमचा. अशा माणसानं प्रोग्रेसिव्ह यंत्र घेणं म्हणजे पापड वाळवायला मंगल कार्यालय भाड्यानं घेणं. दारू आपोआप तोलून देणारा इलेक्ट्रॉनिक काटा त्याचा खरा वेळ वाचवतो. तो एकीकडे दारू तोलत असतो, दुसरीकडे माणूस गोळी बसवत असतो.

वेगाची किंमत फक्त डॉलरमध्ये मोजून भागत नाही. एका डायच्या प्रेसवर दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असतात; विजेरी मारली की कुणात दारू कमी, कुणात जास्त, हे एका नजरेत दिसतं. प्रोग्रेसिव्हमध्ये दारू पडलेली पुंगळी क्षणात पुढे सरकते आणि गोळीखाली झाकली जाते. दारू पडलीच नाही, तर निघतो तो अक्षरशः फुसका बार. टोपीच्या जोरावर गोळी नळीत जाते आणि अर्ध्या वाटेत अडकते. चालवणाऱ्याच्या हे लक्षात आलं नाही आणि त्यानं पाठोपाठ दुसरी गोळी झाडली, तर नळी फाटते. उलट चूक दुहेरी दारूची. पिस्तुलाच्या काही दारू इतक्या थोड्या लागतात की पुंगळीत दुप्पट भरली तरी वरून चटकन कळत नाही. पिस्तूल हातात फुटायला मात्र तेवढी पुरते.

इथेच यंत्रायंत्रांतला एक बारीक फरक मोठा ठरतो. ‘५५०’चं ताट हातानं फिरवावं लागतं. मध्येच फोन वाजला, ताट फिरवायचं राहिलं आणि दांडा पुन्हा ओढला, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडू शकते. त्याच कंपनीच्या ‘७५०’चं ताट आपोआप फिरतं, आणि त्यात पाचवी जागा असल्यामुळे दारूची पातळी तपासून चूक झाल्यास आवाज करणारं उपकरण बसवता येतं. अनुभवी मंडळी आणखी एक उपाय करतात: इतकी फुगीर दारू निवडतात की दुप्पट पडली तर ती पुंगळीबाहेर सांडलीच पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, काम संपल्यावर शिसं जाईपर्यंत हात धुणं, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी खाण्यापिण्याचं काही नाही, हे नियम हातोडीवाल्यालाही लागू आणि हजारोंचं यंत्र घेणाऱ्यालाही.

आणि एवढं करूनही दोनशे काडतुसं भरून झाल्यावर दारूचं माप मध्येच हललं होतं असं लक्षात आलं, तर? मग कपाटातून एक प्लॅस्टिकची हातोडी निघते. तिच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडी ठोकळ्यावर आपटायचं. झटक्यानं गोळी सुटते, दारू डोक्यात जमा होते, ती बाजूला काढायची. एका काडतुसाला दोन-तीन ठोके, आणि अशी काडतुसं दोनशे.