इंजिनाचा ईसीएम बदलण्यापूर्वी



मोसंबी तोडून पिकअपमध्ये भरली आहे, जालन्याच्या बाजारात लिलावाच्या वेळेला पोचायचे आहे, आणि अंबड सोडल्यावर गाडी बंद पडते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो, चार वायरी हलवून पाहतो आणि म्हणतो, "अण्णा, ईसीएम गेला. नवा टाकावा लागेल." अण्णा किंमत विचारतात आणि गप्प होतात. एका खेपेची सगळी पट्टी त्यात जाऊ शकते. पण तोडलेला माल उन्हात किती वेळ ठेवणार? म्हणून म्हणतात, "टाक बाबा, पण गाडी चालू कर."

अशी घाई केली की पुष्कळदा काय होते? नवा ईसीएम बसतो, गाडी दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणीतरी बॅटरीची अर्थची वायर हलवतो आणि गाडी सुरू होते! म्हणून हा भाग कसा बदलतात ते सांगण्याआधी, तो खरोखर गेला आहे की नाही हे कसे ओळखावे, ते पाहू.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये किती डिझेल सोडायचे आणि कधी सोडायचे, हे डिझेल पंपच आपल्या स्प्रिंगा आणि वजनांच्या जोरावर ठरवतो. नव्या इंजिनात पंप फक्त दाब तयार करतो. डिझेल एका जाड नळीत दाबाखाली भरून राहते. तिला कॉमन रेल म्हणतात. कोणता इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा, हे एका बंद डबीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो. हाच ईसीएम. काही जण त्याला ईसीयू म्हणतात. क्रँक कुठे आहे, पाणी किती तापले, पाय किती दाबला, रेलमध्ये दाब किती, हे सगळे त्याला सेन्सर कळवतात. मोटारगाडीत ही कॉमन रेलची पद्धत पहिल्यांदा १९९७ साली इटलीच्या अल्फा रोमिओने आणली, आणि आज ती आपल्या भोकरदन-परतूरच्या रस्त्यावरच्या पिकअपमध्ये आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ईसीएम असतोच, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, तेव्हापासून तो ट्रॅक्टरातही आला. त्याहून लहान ट्रॅक्टरांना बहुतेक अजून साधा पंपच आहे.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. जुन्या ट्रॅक्टरची एअर काढताना आपण इंजेक्टरचा नट ढिला करून स्टार्टर मारतो. ती सवय कॉमन रेलच्या गाडीवर जीवघेणी आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये एक बारच्या आसपास हवा असते. या रेलमध्ये चालू इंजिनाला हजार बारच्या वर दाब जातो. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून सुईएवढी जखम दिसते, पण आत मांस सडते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा आणि डिझेल आत शिरले आहे हे डॉक्टरांना सांगावे.

आता तपासणी. चावी फिरवा, स्टार्टर मारू नका. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला पाहिजे. तो लागतच नसेल तर ईसीएमला वीज पोचत नाही अशी पहिली शंका घ्यावी. फ्यूज, मेन रिले आणि अर्थ ही तीन ठिकाणे पाहावीत. फ्यूज डोळ्यांनी चांगला दिसला तरी मीटर लावून पाहावा.

मीटर नाही म्हणता? विहिरीची मोटार भरून देणाऱ्याकडे तो हमखास असतो, तासाभरासाठी मागून आणा. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. स्टार्टर मारताना ते दहाच्या खाली फार उतरत असतील तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल खराब आहे. वीज कमी पडली की ईसीएम गोंधळतो आणि भलतेसलते दोष दाखवतो. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा बोल्ट ढिला आहे. बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट बसवावा. खर्च जवळजवळ नाही.

यानंतर वायरिंग. आपल्याकडे गाडी कापसाच्या नाहीतर कडब्याच्या गंजीजवळ उभी असते आणि उंदराला इंजिनाची ऊब आवडते. कुरतडलेल्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या की खेळ खलास. फवारणीच्या एचटीपी पंपाने इंजिन धुण्याची आपली सवयही वाईट. ते पाणी कपलरमध्ये शिरते आणि आतल्या पिना हिरव्या पडतात. चावी बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, मग ईसीएमचा कपलर उघडून बघा. हिरवळ किंवा ओल दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून वाळवावे. पिना सुईने खरवडू नयेत.

आणखी एक गोष्ट मिस्त्री लोकांनाही फसवते. ईसीएम बऱ्याच सेन्सरांना एकाच फाट्यावरून ५ व्होल्ट पुरवतो. ठिबकच्या एका नळीचे टोक उघडे राहिले की सगळ्या प्लॉटचा दाब पडतो ना, तसेच इथे. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की ५ व्होल्ट खाली बसतात, बाकीचे सेन्सरही खोटे बोलू लागतात आणि स्कॅनरवर एकदम पाच-सात दोष उमटतात. ते पाहून ईसीएम गेला असा निकाल देतात! मिस्त्रीला सांगा, एकेका सेन्सरचा कपलर काढून पाहा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर चोर.

स्कॅनरवर पी ०६०६ असा कोड आला तर दोष ईसीएमच्या आतला असू शकतो. तरीही आधी बॅटरी आणि अर्थ पाहून, कोड पुसून, पुन्हा येतो का ते बघावे. वीज आणि अर्थ दोन्ही नीट पोचतात, वायरी शाबूत आहेत, आणि तरी ईसीएम स्कॅनरशी बोलत नाही किंवा इंजेक्टरला हुकूम देत नाही, असे ठरले तरच तो बदलायचा.

पण तो जळला कशाने, हे आधी विचारा. पाट्या उंच करायला किंवा हूक बसवायला बॅटरी न काढता वेल्डिंग केले होते का? बॅटरीच्या वायरी उलट लागल्या होत्या का? मोठ्या ट्रकच्या २४ व्होल्टवर जंपर मारला होता का? गाडी चालू असताना बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर दिसतात का? तसे असेल तर अल्टरनेटर बिघडला आहे. इंजेक्टरची वायर बॉडीला टेकली आहे का? हे कारण तसेच राहिले तर नवा ईसीएमही त्याच वाटेने जाईल. इलेक्ट्रिकचा माल दुकानदार सहसा परत घेत नाही.

बदलण्याचे काम हाताने सोपे आहे. अवघड आहे ते पुढचे. डबीवर छापलेला नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मॉडेल एकच असले तरी साल बदलले की नंबर बदलतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून पाच-दहा मिनिटे थांबावे, उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवावी, पिनांना बोट लावू नये. नवा ईसीएम बसवला तरी तो तुमच्या गाडीला ओळखत नाही. त्यात चेसिस नंबर आणि योग्य प्रोग्राम भरावा लागतो. इमोबिलायझर असेल तर चाव्यांची ओळख करून द्यावी लागते, म्हणून घरातली दुसरी चावीही बरोबर न्यावी. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड कोरलेला असतो, तो त्याच सिलिंडरच्या नावाने भरावा लागतो. तो न भरता गाडी सुरू होईलही, पण ठोके मारील आणि धूर टाकील.

प्रोग्राम भरताना बॅटरीला चार्जर लावून ठेवायला सांगा. मध्येच वीज पडली तर नवा ईसीएम जागीच निकामी होऊ शकतो. लोडशेडिंगची वेळ टाळावी, हे आपल्या भागात सांगायला नकोच.

भंगारातला जुना ईसीएम स्वस्त मिळतो, पण तो दुसऱ्या गाडीच्या चावीला बांधलेला असतो. जाणकार माणूस तुमच्या डबीतली माहिती त्यात उतरवू शकतो, तसे होत असेल तरच घ्यावा. शहरात ईसीएम उघडून दुरुस्त करणारेही आहेत. त्यांच्याकडे नेताना गाडी गॅरंटीत नाही ना, हे आधी पाहा, कारण सील तुटले की कंपनी हात वर करते.

जुना ईसीएम दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या. त्यातली माहिती पुढे लागू शकते. त्यावर गाडीचा नंबर लिहा, आणि बिल व स्कॅनरची छापील चिठ्ठी यांच्यासह गाडीच्या कागदांबरोबर ठेवा.