भाड्याच्या खोलीचं लॉक बदलायचंय? आधी घरमालकाला कळवा, मगच दाराला हात लावा

मुलगी कॉलेजसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, मुलगा कंपनीत कामाला पुण्याला. गावाकडच्या अनेक घरांत आज हीच स्थिती आहे. खोली भाड्याने घेतली की आई-वडिलांच्या मनात पहिली शंका येते: आधीच्या भाडेकरूकडे चावी राहिली असेल तर? शंका रास्त आहे. पण मालकाला न सांगता लॉक बदललं, तर डिपॉझिट अडकण्यापासून खोली सोडायला लागण्यापर्यंत वाद वाढू शकतो.

कुलूप कोणाचं, हे आधी बघा

कडी-कोयंड्याला लावायचं साधं कुलूप बहुतेक भाडेकरू स्वतःचंच आणतात. त्यावरून सहसा वाद होत नाही. दारात बसवलेलं लॉक किंवा लॅच मात्र घराचाच भाग, म्हणजे मालकाची वस्तू. ते काढताना दाराला नवी भोकं पडतात, फळी चिरते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 नुसार, वेगळा करार नसेल तर भाडेकरूने घर मिळालं तसं नीट ठेवायचं असतं. रोजच्या वापराने होणारी झीज त्यात धरत नाहीत.

करारात काय लिहिलंय?

शहरात बहुतेक खोल्या 11 महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर मिळतात. लेखी परवानगीशिवाय घरात बदल करायचा नाही, अशी अट त्यात बऱ्याचदा असते. सही करण्याआधी ती वाचा. लॉक आणि चाव्यांचा उल्लेख नसेल तर एक ओळ घालून घ्या: चाव्या किती, कोणाकडे किती, लॉक बदलायचा खर्च कोणाचा.

मालकाकडे चावी आहे म्हणून तो कधीही येऊ शकतो का?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 28 नुसार मालकाला घर बघता येतं, पण आधी कळवून आणि योग्य वेळीच. हा कायदा ठरावीक शहरं आणि गावांना लागू आहे. बाकी ठिकाणी करारातली अट महत्त्वाची ठरते. दुसरी बाजूही आहे. खोली बंद असताना गॅस गळला, शॉर्टसर्किट झालं किंवा नळ फुटला, तर मालकाकडे चावी नसल्याने दार तोडावं लागतं.

मालकानेच लॉक बदललं तर?

भाडं थकलं तरी भाडेकरू बाहेर गेल्याचं बघून दाराला दुसरं कुलूप ठोकणं हा कायद्याचा मार्ग नाही. घर रिकामं करून घ्यायला रीतसर कारवाई लागते. बेकायदा ताबा काढून घेतला, तर विशिष्ट अनुतोष कायदा 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. मुदत गेली की हा सोपा मार्ग बंद होतो, म्हणून लगेच वकील गाठावा. भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तिथे वीज-पाणी तोडून त्रास देण्यालाही कलम 29 ने मनाई आहे.

लॉक बदलायचंच असेल तर

- मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून विचारा. उदा. “काका, दाराचं लॉक बिघडलंय. नवीन बसवू का? एक चावी तुम्हाला आणून देतो.”
- होकार आल्यावरच काम करा. तो मेसेज डिलीट करू नका.
- जुन्या लॉकचा आणि दाराचा फोटो काढा, नव्याचं बिल ठेवा.
- जुनं लॉक फेकू नका. खोली सोडताना मालकाने मागितलं तर तेच परत बसवून देता येतं.
- चावी हरवली किंवा चोरीची भीती असेल, तर मालकाला लगेच फोन करा आणि नंतर तेच मेसेजमध्ये लिहा.

मालक अतिरिक्त चावी ठेवायचा आग्रह धरत असेल आणि खोलीत मुली एकट्या राहत असतील, तर ‘आधी फोन केल्याशिवाय यायचं नाही’ ही अट करारातच लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर राहू नये. खोली सोडताना सगळ्या चाव्या मोजून द्याव्यात आणि मिळाल्याचं मालकाकडून लिहून घ्यावं. डिपॉझिट परत मागताना तोच कागद कामाला येतो.