पीसीओएस : नेमकं कुणाला दाखवायचं?

लेखमाला ‘तिची तब्येत’ : भाग ६

सातारा-सांगलीकडे दुखणं जरा अवघड वाटलं की घरातलं मोठं माणूस एकच सांगतं, “मिरजेला दाखवून आणा.” या सल्ल्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि कर्नाटकातूनही माणसं गाडीत बसून मिरजेला येऊ लागली. मोतीबिंदू, मुतखडा, मोडलेलं हाड यांना ही रीत उत्तम लागू पडते. पीसीओएसला ती पुरत नाही, कारण एकदा ‘दाखवून आणलं’ की संपला, असा हा आजार नाही. तो पंधराव्या वर्षी पाळीच्या घोळातून दिसतो, पंचविशीत मूल राहण्याच्या प्रश्नातून आणि चाळिशीत रक्तातल्या साखरेतून. म्हणून इथे डॉक्टर निवडायचा तो मोठ्या नावावरून नव्हे. आपली फाइल वर्षानुवर्षं कोण सांभाळेल आणि कुठल्या वेळी कुणाकडे पाठवायचं हे कुणाला कळतं, ते पाहायचं.

मागच्या भागात रॉटरडॅमचे निकष पाहिले होते. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा जोर आणि अंडाशयात बीजपुटकांची गर्दी, या तिनांपैकी दोन गोष्टी असल्या आणि बाकीची कारणं वगळली गेली, की पीसीओएस म्हणायचं. यातली ‘वगळली गेली’ ही अट कागदावर लहान दिसते, पण डॉक्टरची पारख तिथेच होते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅमच्या निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस होता, तर दुसऱ्या, जरा कडक निकषांनी १०.७ टक्के मुलींना. मुली त्याच, फूटपट्टी तेवढी बदलली, आणि आकडा निम्म्यावर आला. तेव्हा तुमच्या मुलीच्या कागदावर ‘पीसीओडी’ लिहिणाऱ्याने कुठली फूटपट्टी लावली, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

पहिल्यांदा कुणाकडे जायचं? स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. तालुक्याला चांगला एमबीबीएस किंवा फिजिशियन असेल तर त्याच्याकडेही चालेल. त्या भेटीत डॉक्टर काय लिहून देतात यापेक्षा काय विचारतात याकडे लक्ष द्या. पाळी पहिल्यांदा कधी आली, गेल्या वर्षभरात किती वेळा आली, वजन कधीपासून वाढलं, हनुवटीवरचे केस किती दिवसांत काढावे लागतात, आई-वडिलांना शुगर आहे का, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? हे प्रश्न आले, रक्तदाब मोजला, कमरेला टेप लावली, तर खुर्चीत निवांत बसा. आत गेल्या गेल्या सोनोग्राफीची चिठ्ठी हातात पडली, आणि रिपोर्ट पाहून “गाठी आहेत, लग्न झालं की ठीक होईल” असं ऐकू आलं, तर दुसरा दवाखाना शोधा. त्या गाठी नसतात; न पिकलेली बीजपुटकं असतात. आणि लग्न हे औषध असल्याचं कुठल्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात नाही.

सोनोग्राफीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण आपल्याकडे तिच्यावर फार भिस्त आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घ्यायचा नसतो, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही भरपूर बीजपुटकं दिसतात. म्हणजे बाराव्या वर्षी पाळी आलेली कॉलेजातली मुलगी केवळ त्या फिल्मवरून पीसीओएसची रुग्ण ठरत नाही. अविवाहित मुलीची सोनोग्राफी भरल्या लघवीने पोटावरूनच करतात आणि त्यात अंडाशय तितकंसं स्पष्ट दिसतही नाही. रक्ताच्या तपासण्या अधिक कामाच्या. थायरॉइडसाठी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन तर हवंच. लक्षणं तशी असतील तर टेस्टोस्टेरॉन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनही. संप्रेरकांच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा फसवा येतो. त्या किमान तीन महिने बंद ठेवून मग तपासायचं असतं. मात्र चालू गोळ्या बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आपल्या मनाने नाही.

साखरेची तपासणी तर हमखास अर्धी होते. उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पीसीओएसमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली तपासणीच खरी बोलते. एचबीए१सी सोपी आहे, पण अंगात रक्त कमी असलेल्या बाईत ती चकवू शकते, आणि आपल्याकडे रक्त कमी नसलेली बाई शोधावी लागते. “बारीक आहे, तिला कसली शुगर?” हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडसडीत दिसणाऱ्या माणदेशातल्या मुलीलाही हे लागू आहे. साखरेची ही तपासणी एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची असते. त्याची आठवण जो डॉक्टर करून देतो, तो धरून ठेवावा.

आता गोळ्यांकडे वळू. पाळी लांबली की पाच-दहा दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, त्या संपल्यावर पाळी येते, सगळे खूश. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. यात वाईट काही नाही. तीन-तीन महिने पाळी न आल्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहण्यापेक्षा हे बरंच, कारण ते तसंच वाढत राहिलं तर पुढे कर्करोगाचा धोका असतो. पण हा उपचाराचा एक तुकडा झाला, पूर्ण उपचार नव्हे. इथे एक आडवळणाची गोष्ट सांगून टाकतो. गणपती, घरातली पूजा, नाहीतर माउलींची पालखी लोणंद-फलटणला येण्याच्या दिवसांत पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून परस्पर आणतात त्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या याच कुळातल्या. कुणी कधी घेतल्या हे डॉक्टरला सांगितलं नाही, तर पाळीच्या तारखांचा सगळा हिशेब चुकतो. डॉक्टरने विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

बऱ्याच मुलींना एकत्रित संप्रेरकांच्या, म्हणजे गर्भनिरोधक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात, आणि आई हादरते, “लग्नाआधी ही गोळी?” पाळी नियमित होणं, केस आणि पुरळ कमी होणं यासाठी ती देतात, आणि तिने पुढे मूल राहायला अडथळा होत नाही. चांगला डॉक्टर हे समजावून सांगायला पाच मिनिटं काढतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळी लिहिण्याआधी तो रक्तदाब पाहतो, डोळ्यांपुढे काजवे चमकून अर्धशिशी होते का विचारतो, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का विचारतो. हे न विचारता गोळी हातात ठेवणाऱ्याची पाटी कितीही मोठी असो, मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाणार नाही.

एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांचे तज्ज्ञ, सगळ्यांनाच लागत नाहीत. निदानच पक्कं होत नसेल, साखर किंवा थायरॉइड सोबत असेल, वजन कशालाच बधत नसेल तर त्यांना दाखवावं. काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, केस झपाट्याने वाढले, पोटावर जांभळे चट्टे उमटले तर मात्र वाट पाहायची नाही. मामला अधिवृक्क ग्रंथीचा किंवा एखाद्या गाठीचा असू शकतो. या तज्ज्ञांची पदवी डीएम किंवा डीआरएनबी एंडोक्रायनोलॉजी अशी असते. ‘डायबेटॉलॉजिस्ट’ म्हणजे तेच असं समजू नका. तो शब्द थोड्या मुदतीचा अभ्यासक्रम करूनही पाटीवर येतो. आटपाडी, जत, दहिवडी, पाटण इथल्या मुलीला यासाठी सांगली-मिरज, कराड, कोल्हापूर नाहीतर पुणं गाठावं लागेल. तिने वर्षातून एक-दोनदा तिथे जावं आणि वजन, रक्तदाब, तारखा गावाजवळ पाहाव्यात, हे मला सगळ्यात व्यवहारी वाटतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हाही हिशेबात धरायचा मुद्दा.

मूल हवं असणाऱ्या जोडप्याची गोष्ट वेगळी, आणि तिथेच पैसा सगळ्यात जास्त वाया जातो. सांगलीच्या रस्त्यांवर टेस्ट ट्यूब बेबीच्या पाट्या कमी नाहीत. पीसीओएसमध्ये सुरुवात मात्र टेस्ट ट्यूबपासून होत नाही. आधी नवऱ्याची वीर्यतपासणी (याला नवरे आणि सासवा दोघंही नाराज असतात), जोडीला वजन आणि साखर, मग अंडं पिकवायची गोळी. यातली पहिली पसंती आज लेट्रोझोलला आहे. तिची हकीकत मजेशीर आहे. २०११ मध्ये आपल्या सरकारने वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या चाचणीत तिच्यामुळे २७.५ टक्के बायकांना मूल झालं आणि जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के, २०१७ मध्ये बंदी उठली. या स्वस्त गोळीचे काही महिने न देताच पहिल्या भेटीत आयव्हीएफचं पॅकेज सांगणाऱ्याला “गोळ्यांनी का नाही?” एवढं विचाराच. नवऱ्यात दोष असेल किंवा नळ्या बंद असतील तर आयव्हीएफला सबळ कारण असतं, पण ते कारण तुम्हाला कळलं पाहिजे. केंद्राची २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, तेही पाहून घ्या.

पाट्यांवरून पदवीचा विषय निघतोच. स्त्रीरोगासाठी एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ या पदव्या. मात्र एमएसच्या पुढे ‘आयु.’ असेल तर ती आयुर्वेदाची. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण पोलिसांना सापडले. ते रुग्णालय चालवणाऱ्याकडे होमिओपॅथीची पदवी होती. एवढं होईपर्यंत पाटी कुणी वाचली नव्हती. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असला पाहिजे. तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. असं असलं तरी गावातल्या बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टरांकडे जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. ज्या खेड्यात दुसरं कुणी नाही तिथे रक्तदाब मोजणारे, “ताई, आता तज्ज्ञाला दाखवा” म्हणणारे तेच असतात. ‘सहा महिन्यांत पीसीओडी मुळापासून’ असं सांगणाऱ्यापासून मात्र लांब राहा, त्याची पॅथी कुठलीही असो. पिशवी काढून टाकायचा सल्ला देणाऱ्यापासून तर दोन पावलं अधिक लांब. गर्भपिशवी काढली तरी अंडाशय आणि इन्सुलिनचा गोंधळ जागच्या जागीच राहतो.

पैशाची बाजू थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. पीसीओएस मुख्यतः बाह्यरुग्ण विभागात सांभाळायचा आजार, त्यामुळे तिथे फारशी आशा धरू नका. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. कराडचं उपजिल्हा रुग्णालय आहे, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचंच आहे. रांग लांब असते, बोलायला वेळ कमी मिळतो, डॉक्टर दर खेपेला बदलू शकतात. म्हणूनच फाइल आपल्याकडे हवी. पाळीच्या तारखा, वजन, साखरेचे आकडे आणि घेतलेल्या गोळ्यांची नावं एका वहीत लिहून ठेवा. दर वेळी नवा डॉक्टर भेटला तरी धागा तुटत नाही. किशोरवयीन मुलींसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. तिथे मुलीला आत एकटीला बोलू द्या. मन उदास राहणं, आरशात पाहावंसं न वाटणं याबद्दल मुली आईसमोर बोलत नाहीत, आणि पीसीओएसमध्ये तेही विचारलंच पाहिजे.

आहाराचा विषय पुढच्या भागात घेऊ. भाकरी, भात आणि गुळाच्या चहाचे बरेच प्रश्न साठले आहेत. पण पाळी येऊन ९० दिवस उलटले असतील, किंवा पंधरावं वर्ष सरत आलं तरी मुलीला पाळी आलेलीच नसेल, तर त्या भागासाठी थांबू नका. याच आठवड्यात जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि जाताना तारखा लिहिलेली वही बरोबर न्या.